चेन्नईला वादळ धडकलं, मग बेळगावात कापणी थांबवायची का?

बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात चार एकर भात करणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की टीव्हीवर बंगालच्या उपसागरातलं वादळ दाखवतात. कधी आम्ही घाबरून कापणी थांबवतो आणि थेंबसुद्धा पडत नाही. कधी 'वादळ गेलं' म्हणून विळे घेऊन उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पसरलेलं भात भिजतं. त्या वादळाचा आमच्याशी संबंध आहे की नाही, हे एकदा नीट सांगा."

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. पण वादळ कुठे धडकलं यापेक्षा, धडकल्यावर त्याचं जे काही उरतं ते आपल्या कोणत्या अंगाने पुढे जातं यावर तुमचा पाऊस ठरतो. तुम्ही सांगितलेले दोन्ही अनुभव एकाच नियमातून येतात. माझी उभी नोकरी वेधशाळेत पर्जन्यमापक आणि वाऱ्याची दिशा वाचण्यात गेली. निवृत्तीनंतरही अंगणात पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. बेळगाव शहरात ऑक्टोबरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, नोव्हेंबरात तीस-पस्तीसच्या आसपास, डिसेंबरात दहाच्याही आत, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जेमतेम एक-दोन. हे वाचून वाटेल की नोव्हेंबरात दरवर्षी थोडाथोडा पाऊस होतच असेल. तसं होत नाही. बरेच नोव्हेंबर जवळजवळ कोरडे जातात आणि मग एखाद्या वर्षी दोन-तीन दिवसांत सगळी कसर भरून निघते. दोन्ही मिळून ती सरासरी तयार होते. आषाढातल्या पावसाचं आपण हंगाम म्हणून बोलू शकतो. हिवाळ्यातला पाऊस म्हणजे एकेक सुटी घटना असते, आणि प्रत्येक घटना कुठल्या तरी एका वाटेने आलेली असते.

आपली एक अडचण भाषेचीही आहे. आपले कानडी शेजारी वर्षाच्या पावसाचे सरळ दोन भाग करतात, मुंगारू आणि हिंगारू. जून ते सप्टेंबरचा तो मुंगारू आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा, उगवतीकडून येणारा, तो हिंगारू. आपण मराठीत ऑक्टोबरात पडला की 'परतीचा' म्हणतो आणि त्यानंतर पडला की 'अवकाळी'. परतीचा पाऊस म्हणजे नैऋत्य मोसमी वारे माघारी जातानाचा पाऊस. आपल्या भागातून ते साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बाहेर पडतात. पुढे वारे उलटतात, ईशान्येकडून वाहू लागतात, आणि जो पाऊस येतो त्याचा कारखानाच वेगळा असतो, तो बंगालच्या उपसागरात असतो. 'अवकाळी' म्हटलं की ते देवाच्या मर्जीवर सोडल्यासारखं होतं. हिंगारू म्हटलं की त्याचा माग काढता येतो. आपल्या जुन्या लोकांना हा पाऊस चांगला ठाऊक होता, नाहीतर 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण आली नसती. स्वाती नक्षत्र ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतं.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागराचं पाणी अजून गरम असतं. चक्रीवादळाला पृष्ठभागावर साधारण साडेसव्वीस अंश तापमानाचं पाणी लागतं आणि तिथे या दिवसांत त्याहून जास्तच असतं. अंदमानच्या आसपास किंवा श्रीलंकेच्या पूर्वेला कमी दाब तयार होतो आणि पश्चिमेकडे सरकतो. तो तमिळनाडू किंवा दक्षिण आंध्रच्या किनाऱ्यावर चढला की खालून मिळणारी वाफ बंद होते, जमिनीचं घर्षण लागतं आणि वारा पडतो. बातम्यांमध्ये याच क्षणी 'वादळ निवळलं' असं सांगतात. खालच्या थरात ते निवळतंही. पण तीन ते पाच किलोमीटर उंचीवरचं त्याचं फिरणं बऱ्याचदा शाबूत राहतं आणि दख्खनच्या पठारावरून हळूहळू पश्चिमेला येत राहतं. चेन्नई-पुदुच्चेरीपासून बेळगाव हवेतून सातशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे किनारा ओलांडल्यावर दीड ते तीन दिवसांनी त्याची सावली आपल्यावर येते. तुमचं भात तिसऱ्या दिवशी भिजलं, तो नेमका हा हिशेब.

सावली आली म्हणजे पाऊस आलाच असं मात्र नाही. आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. यावरून बाइस बॅलट नावाच्या डच हवामानतज्ज्ञाने 1857 मध्ये एक साधा नियम मांडला, आणि मला तो आजही कुठल्याही यंत्राइतकाच उपयोगी वाटतो. उघड्या माळावर जा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डावा हात बाजूला पसरा. कमी दाब त्या हाताच्या दिशेला, किंचित पुढच्या अंगाला असतो. झाडांच्या आडोशाला किंवा गल्लीत हा प्रयोग करू नका, वारा तिथे भिंतीप्रमाणे वळतो. पहाटे आणि भर उन्हात वारा स्थानिक कारणाने भरकटतो, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पाहिलेलं बरं.

हाच नियम उलटा लावू. कमी दाब अजून चेन्नईच्या किनाऱ्याजवळ आहे, म्हणजे आपल्या आग्नेयेला. अशा वेळी आपल्याकडे वारा ईशान्येकडून येतो. तो तेलंगण, मराठवाडा, सोलापूर, विजापूर अशा कोरड्या मुलखावरून आलेला असतो. वादळ तिकडे थैमान घालत असताना आपल्याकडे निरभ्र आकाश आणि बोचरी थंडी, किंवा फार तर उंचावर पांढऱ्या ढगांचे तंतू. ते तंतू वादळाच्या डोक्यावरून बाहेर फेकले गेलेले बर्फाच्या कणांचे ढग असतात, त्यातून आपल्याकडे पाऊस पडत नाही. तुम्ही थेंब न पडता कापणी थांबवलीत ती याच टप्प्यावर.

मग ते उरलेलं अंग पठारावर चढून दक्षिण कर्नाटकात येतं, आपल्या बरोबर दक्षिणेला. आता वारा उगवतीचा होतो आणि आंध्रच्या किनाऱ्यावरून उपसागराची वाफ थेट आपल्यापर्यंत येते. भिजवणारा टप्पा हा आहे. पाऊस बहुधा रिपरिप, गडगडाट कमी, पण तास-न्-तास. पुढे ते कारवार-गोव्याच्या समोर अरबी समुद्रात उतरलं की वारा दक्षिणेकडे वळतो. आता वाफ अरबी समुद्राची. समुद्रात उतरल्यावर काही वेळा ते पुन्हा जोर धरतं, म्हणून 'गेलं' म्हटल्यावरही एखादा दिवस पाऊस रेंगाळतो. आणि कमी दाब ओडिशा किंवा उत्तर आंध्रकडे गेला असेल तर तो आपल्या ईशान्येला पडतो, आपल्याकडे वायव्येचा कोरडा वारा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात अशा वादळाची भीती बाळगून कापणी थांबवण्याचं कारण नसतं.

दोन वर्षांची वादळं शेजारी ठेवून बघा. डिसेंबर 2023 मध्ये 'मिचाँग'ने चेन्नई पाण्याखाली घातली, पण ते किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकलं आणि 5 डिसेंबरला बापटलाजवळ जमिनीवर आलं. चेन्नईची दृश्यं भयंकर होती, पण त्याची वाट आपल्याकडची नव्हती. 30 नोव्हेंबर 2024 ला 'फेंगल' पुदुच्चेरीजवळ चढलं. वाऱ्याचा वेग पाहिला तर हे फार मोठं वादळ नव्हतं. पण त्याचं उरलेलं अंग तमिळनाडूतून पश्चिमेला आलं, कर्नाटक ओलांडून 3 डिसेंबरच्या सुमाराला अरबी समुद्रात उतरलं, आणि वाटेत ऐन डिसेंबरात मंगळुरूपर्यंत जोरदार पाऊस देऊन गेलं. बातम्यांत वादळ किती मोठं दिसतं त्यावर जाऊ नका. जमिनीवर चढल्यानंतर त्याची वाट पश्चिमेची आहे की उत्तरेची, एवढं विचारा.

ऑक्टोबरातलं प्रकरण याहून दांडगं असतं, कारण हवेत मोसमी वाऱ्यांची ओल अजून शिल्लक असते आणि कमी दाबाची वाट उत्तरेला सरकलेली असते. 13 ऑक्टोबर 2020 ला काकीनाड्याजवळ एक तीव्र न्यून दाबाचं क्षेत्र जमिनीवर आलं. त्याला चक्रीवादळाचा दर्जा नव्हता, नाव नव्हतं. पण ते तेलंगणातून हैदराबाद बुडवत निघालं आणि कलबुर्गी, विजापूर, सोलापूर, पंढरपूर असं करत अरबी समुद्राकडे गेलं. भीमेच्या काठाने त्या वर्षी जे भोगलं ते आपल्या इंडीकडच्या पाहुण्यांना विचारा. नाव नसलेल्या दाबाने नाव असलेल्या कित्येक वादळांपेक्षा जास्त नुकसान केलं.

दुसरी वाट अरबी समुद्राची. इथले कमी दाब बहुतेक वेळा ओमान-येमेनच्या दिशेने निघून जातात, पण उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली उतरली तर ती त्यांना ढकलून पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळवते. नोव्हेंबर 2009 मधलं 'फयान' लक्षद्वीपकडून वर येऊन 11 तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर चढलं. 2017 मधलं 'ओखी' कन्याकुमारीच्या टोकाला वळसा घालून लक्षद्वीपवरून वर आलं, 4 आणि 5 डिसेंबरला मुंबईत पाऊस पाडला आणि गुजरातच्या किनाऱ्यापाशी विरलं. अशा वेळी कमी दाब आपल्या पश्चिमेला असतो आणि वारा दक्षिण-नैऋत्येचा, म्हणजे जूनसारखा. समुद्र आपल्यापासून हवेतून शंभर किलोमीटरच्या आतच आहे. त्यामुळे या वाटेने पाऊस आला तर तयारीला दोन-तीन दिवस मिळत नाहीत. सकाळी आकाश स्वच्छ असतं आणि संध्याकाळी घाटाच्या बाजूने काळं भरून येतं. या पावसाचं मान खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चंदगडकडे जास्त, आणि हुक्केरी-गोकाककडे जाईपर्यंत तो विरतो.

तिसरी वाट उत्तरेची. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-पंजाबात हिवाळी पाऊस आणि बर्फ पाडतात. आपण सोळा अंश अक्षांशाच्याही खाली आहोत, त्यामुळे आपल्याला त्यातून बहुधा नुसती थंडीच मिळते. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि दोन रात्रींत पारा उतरतो. पण क्वचित त्याची द्रोणी अरबी समुद्रात खोलवर उतरते, तिथली वाफ उचलते आणि त्याच वेळी पूर्वेकडून ओलसर वारा आला असेल तर दोघांची गाठ पठारावर पडते. 1 आणि 2 डिसेंबर 2021 ला मुंबई-पुण्याकडे असंच झालं. पुणे जिल्ह्यात उघड्यावर बसवलेली मेंढरं त्या गारठ्याने आणि पावसाने मोठ्या संख्येने दगावली. आपल्याकडेही धनगरांचे कळप हिवाळ्यात शेतात बसायला येतात. थंडी आणि पाऊस एकाच रात्री आले तर जनावर दोन्ही एकदम सोसू शकत नाही, हे त्यांच्या कानावर घालायला विसरू नका.

फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये हाच पूर्व-पश्चिम वाऱ्यांचा संगम गारा घेऊन येतो. 2014 ची गारपीट आठवत असेल. तो मोठा विषय आहे, इथे एवढंच पुरे.

या तीन वाटा कळल्या की आपल्या जिल्ह्यातला एक मोठा विरोधाभास उलगडतो. पावसाळ्यात पश्चिमेला पाणीच पाणी असतं. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, काही हजार मिलिमीटर पडतो, आणि अथणीला अख्ख्या वर्षात पाचशे-सहाशेच्या घरात. हिवाळ्यात उगवतीकडून येणाऱ्या पावसाला मात्र घाटाचं काही देणंघेणं नसतं. तो आधी रामदुर्ग, सौंदत्ती, अथणीला भेटतो आणि नंतर बेळगावला येतो. म्हणून खानापूरवाल्याला नोव्हेंबरातले वीस मिलिमीटर म्हणजे वर्षाच्या पावसात न मोजण्यासारखे आणि वर सुगीत घाण, तर अथणी-रामदुर्गकडच्या शाळूवाल्याला तेच वीस मिलिमीटर सोन्यासारखे. वीस मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी. शाळूचं पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच उभं राहतं, त्याला आणि हरभऱ्याला एवढं पाणी एकदा मिळालं तर पुढचा महिना निघतो. बेळगावच्या काळ्या रानात भातामागे मसूर पेरणाऱ्यांनाही नोव्हेंबरचा हलका पाऊस चालतो. फक्त तो भात उचलल्यावर आणि वाफसा बिघडणार नाही इतकाच यायला हवा. पाऊस चांगला की वाईट हे विचारायचं तर आधी तालुका आणि पीक सांगावं लागतं.

खरं नुकसान कुठे होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका नोव्हेंबरात माझ्या मेहुण्याने बासमती कापून तीन दिवस रानात पसरला होता. पेंढ्या बांधायच्या आदल्या रात्री पाऊस सुरू झाला. जोर काहीच नव्हता, माझ्या मापकात दोन दिवसांत मिळून अठरा मिलिमीटर भरले. पण आकाश चार दिवस उघडलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघांनी लोंब्या उलटून बघितल्या, तर जमिनीला टेकलेल्या बाजूच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, नखाएवढे. वरच्या बाजूचे दाणे धड होते. हातात घेतल्यावर पिंजराला, म्हणजे भाताच्या काडाला, आंबूस वास येत होता. एवढ्याशा पावसाने हे केलं नव्हतं, त्यामागून राहिलेल्या ढगांनी केलं होतं. तेव्हापासून सुगीच्या दिवसांत मला कुणी 'किती पडेल' विचारलं की मी 'किती दिवस ऊन नसेल' ते सांगतो. उगवतीच्या वाटेने आलेली सावली तीन-चार दिवस बसते. घाटाकडून आलेला पाऊस जोराचा असला तरी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडतं. कापून पसरलेल्या भाताला दुसरा परवडतो, पहिला नाही.

वीटभट्टीवाल्यांचंही तेच. आमच्या गावाबाहेर नोव्हेंबरपासून थापलेल्या कच्च्या विटांच्या रांगा लागतात. भट्टीवर काम करणाऱ्या एका जुन्या माणसाकडून मी एक गोष्ट शिकलो. तो भट्टीचा धूर बघायचा. हिवाळ्यात पहाटे धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर आडवा पसरतो, कारण वर ऊबदार हवेचं झाकण असतं आणि रात्र निरभ्र गेलेली असते. दोन दिवस सलग धूर तसा न पसरता पश्चिमेकडे कलून विस्कटत गेला, आणि पहाटे गवतावर दहिवर नसलं, की तो विटांवर ताडपत्र्या काढायला सांगायचा. ढगांनी रात्रीची उष्णता अडवली की जमीन थंड होत नाही आणि दहिवर पडत नाही, हे शास्त्र मी पुस्तकात शिकलो होतो. त्याने ते पायाने शिकलेलं होतं.

माझी स्वतःची खूण किमान तापमानाची आहे. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे पहाटेचा पारा चौदा-पंधराच्या आसपास असतो. तो एकाएकी दोन रात्रींत अठरा-एकोणीसवर गेला तर वर ओल आली आहे हे नक्की. त्याच्या जोडीला चंद्राला खळं पडलं असेल आणि सकाळचा वारा ईशान्येवरून पूर्वेला सरकला असेल, तर मी कुणालाही नवीन कापणी करू देत नाही. आणि कापलेलं असेल तर त्या दिवशी माणसं दुप्पट लावून पेंढ्या बांधून गंजी घालायला सांगतो. गंजीवर ताडपत्री टाकताना भात ओलं नको, नाहीतर आत ते तापतं आणि कुजतं. वारा पूर्वेवरून दक्षिणेला वळला म्हणजे केंद्र पश्चिमेला गेलं, अजून साधारण एक दिवस. उत्तरेचा वारा सुटला आणि सकाळी शिवारात दाट धुई उतरली की संपलं. ओली जमीन आणि उघडं आकाश मिळून ती धुई होते. दहा वाजता ती फाटली की विळा घ्या.

हीच धुई आणि ढगाळ हवा बाकीच्या पिकांना पावसाइतकीच त्रासाची. अथणीकडच्या द्राक्षांना फुलोऱ्यात ती आली की केवडा आणि घडकूज. निपाणी भागात तंबाखूच्या पानावरचा चिकट थर पावसाने धुपला की मालाचा दर्जाच जातो. खानापूर-चंदगडच्या काजूला आणि आंब्याला मोहर धरायच्या वेळी ढग रेंगाळले की तुडतुडे आणि ढेकण्या वाढतात. उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतून तोड थांबते ती वेगळीच.

आता अंदाज कुठे बघायचा. आपली माणसं मुंबई-पुण्याच्या वाहिन्या बघतात. तिथे कोल्हापूर-सांगली 'मध्य महाराष्ट्र' या विभागात सांगतात. बेळगाव जिल्हा भारतीय हवामान विभागाच्या नकाशात 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात आहे, आणि मराठी बातम्या त्याचं नावच घेत नाहीत. मेहुण्याने त्या वर्षी 'कोल्हापूर कोरडं' ऐकून कापणी केली होती. अंदाज खोटा नव्हता, कोल्हापूर कोरडंच राहिलं. आपण सीमेवर राहतो तर चारही विभाग बघायला हवेत. उगवतीच्या वाटेसाठी उत्तर आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक, घाटाच्या वाटेसाठी कोकण-गोवा, उत्तरेच्या वाटेसाठी मध्य महाराष्ट्र. दक्षिण अंतर्गत कर्नाटकात आज मुसळधारेचा इशारा असेल तर उद्या-परवा आपली पाळी येऊ शकते, हे लक्षात ठेवा.

चक्रीवादळ झालं की हवामान विभाग दर तीन तासांनी पत्रक काढतो आणि त्यात पुढच्या वाटचालीचा नकाशा असतो. जमिनीवर चढल्यानंतर ती रेषा कुठे वळते ते बघा. रेषा संपली म्हणून सोडून देऊ नका, ती फक्त वादळ म्हणून संपते. पुढे उपग्रहाच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चित्रांवर ढगांचा पुंजका डोळ्यांनी पाळता येतो. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा शेतीसल्ला मिळतो आणि कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची 'वरुणमित्र' ही फोनसेवा शेतकऱ्यांसाठीच आहे. ग्रामपंचायतींच्या पातळीवरची त्यांची स्वयंचलित पर्जन्यमापकं शेजारच्या तालुक्यात आत्ता किती पडला ते सांगतात. सौंदत्ती-रामदुर्गला सकाळी पाऊस सुरू झाला असेल आणि वारा पूर्वेचा असेल, तर दुपारपर्यंत तुमच्याकडे काय येणार ते कळायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

एल निनो, ला निनावर, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्यावर आणि थंडावण्यावर, पुष्कळ चर्चा होते. एल निनोच्या वर्षी द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाकडे हिंगारू वाढण्याकडे कल असतो आणि ला निनात कमी होण्याकडे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग जास्त तापला तरी पाऊस वाढतो. 2019 मध्ये तसा तापला होता आणि 'क्यार', 'महा' अशी वादळं अरबी समुद्रात लागोपाठ झाली. पण 2021 चा नोव्हेंबर 'ला निना'च्या काळातला असूनही कर्नाटकाला झोडपून गेला. आपण या प्रभावाच्या उत्तरेच्या काठावर आहोत. हंगामाच्या अंदाजावरून भाताची जात किंवा पेरणीची तारीख थोडी मागेपुढे करा, कापणीचा दिवस मात्र चार-पाच दिवसांच्या अंदाजावरच ठरवा.

तुमच्या चार एकरांसाठी माझा सल्ला असा की सगळं एका दिवशी आडवं करू नका. एक एकर कापा, वाळवा, बांधा, मग दुसरं. मजूर मिळण्याची अडचण मला माहीत आहे. एकदा आलेली टोळी चारही एकर उरकूनच जाते. म्हणून टोळीला दिवस सांगण्याआधी तीन गोष्टी बघा: पहाटेचा पारा, नऊचा वारा, आणि दक्षिण कर्नाटकातला इशारा. तिन्ही स्वच्छ असतील तर बिनधास्त बोलवा. एखादी बिघडली तर भात दोन दिवस उभं राहू द्या, उभ्या भाताच्या लोंबीवरचं पाणी वाऱ्याने झडतं. आणि शक्य झालं तर पंचवीस-तीस मिलिमीटर मोजणारं साधं प्लास्टिकचं मापक बांधाला लावा. या सुगीपासून नोंदी ठेवल्यात, वाऱ्याची दिशा त्यासमोर लिहिलीत, तर संक्रांतीनंतर वही घेऊन या. माझ्या वहीशेजारी ठेवून बघू, येळ्ळूरला आणि माझ्या अंगणात एकाच सावलीचा पाऊस किती फरकाने पडतो ते.